एका गाईडची समीक्षा : निवड न झालेल्या पोरांच्या बाजूने

संपादक मित्राने या अंकासाठी माझ्याकडं एका नव्या कवितासंग्रहाचं परीक्षण मागितलं होतं. संग्रह वाचून झाला आहे, त्यावर पुढल्या अंकात लिहीन. मधेच दुसरं एक पुस्तक हाती लागलं आणि त्यानं डोकं धरलं. तिसरी पाळी करून घरी येताना चौकातल्या रद्दीवाल्याकडं ते पंधरा रुपयांना मिळालं. पाचवीतल्या पोरांसाठी निवासी शाळांच्या प्रवेश परीक्षेचं गाईड. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं सोडवलेलं, खोडलेलं, परत सोडवलेलं. काही पानं खोडरबरानं फाटलेली आहेत.

लेखकाचं आणि छापणाऱ्याचं नाव लिहीत नाही. असली गाईडं ढिगानं आहेत आणि सगळी एकाच साच्यातून निघाल्यासारखी आहेत. साच्याशी माझा रोजचा संबंध. सूतगिरणीत रिंग खात्यात मी साचे सांभाळतो, तुटलेला धागा सांधतो. तेव्हा सारखा माल बघितला की मला ओळखू येतो.

कुणी म्हणेल, गाईडची कसली समीक्षा? समीक्षा साहित्याची असते. मित्रांनो, जे छापलेलं माणसाच्या मनात घर करतं त्याची झडती घ्यायची, एवढीच समीक्षेची व्याख्या मला ठाऊक आहे. विद्यापीठात मी गेलो नाही. आपल्या वस्तीतलं दहा वर्षांचं पोर आपला कवितासंग्रह वाचत नाही. ते गाईड वाचतं, रात्री उशिरापर्यंत वाचतं, आणि त्यातून स्वतःबद्दल एक मत बनवून घेतं. ते मत पुढं जन्मभर पुसत नाही. इतकी ताकद आपल्या कुठल्या कवितेत आहे, सांगा.

१

आधी पुस्तक बघू. जवाहर नवोदय विद्यालयाच्या पेपरावर हे बेतलेलं आहे. तो पेपर असा : वेळ दोन तास, प्रश्न ८०, गुण १००. मानसिक क्षमता ४० प्रश्न, ५० गुण. अंकगणित २० प्रश्न, २५ गुण. भाषा २० प्रश्न, २५ गुण. प्रत्येकाला चार पर्याय, एक बरोबर. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट येतं.

अर्धे गुण मानसिक क्षमतेला. त्यात अक्षर नाही, नुसत्या आकृत्या. वेगळी आकृती ओळखा. अपुरी आकृती पुरी करा. आरशात कशी दिसेल ते सांगा. कागद दुमडून भोक पाडलं, उलगडल्यावर भोकं कुठं कुठं दिसतील ते सांगा. या विभागाचं समर्थन करणारे म्हणतात, बघा, इथं भाषा नाही, पाठांतर नाही, म्हणून जात नाही आणि गरीब-श्रीमंत नाही. त्रिकोणाला कुठली आली जात?

पहिल्यांदा मलाही पटलं होतं. पण हे गाईड काय सांगतं? पहिल्याच पानावर लेखक सांगतो की या आकृत्यांचे ठराविक प्रकार आहेत, प्रत्येक प्रकाराच्या युक्त्या आहेत आणि सराव केला तर हमखास गुण मिळतात. म्हणजे जी बुद्धी जन्मजात म्हणून मोजायची, ती युक्तीनं आणि सरावानं वाढते, असं पुस्तकच कबूल करतं. आणि सराव विकत मिळतो. तालुक्याला वर्ग निघालेत, त्यांना वसतिगृहं आहेत, तिथं पाचवीची पोरं वर्षभर राहून रोज आकृत्या सोडवतात. त्रिकोणाला जात नसेल, पण त्रिकोण आधी बघायला मिळण्याला फी आहे.

आता अंकगणित. नफा-तोटा, सरळव्याज, काळ-काम-वेग. या गणितांतली माणसं बघा. एक व्यापारी माल घेतो आणि विकतो. एक गृहस्थ बँकेत रक्कम ठेवतो. एक जण मजूर लावतो आणि काम किती दिवसांत उरकेल ते विचारतो. सगळा हिशेब देणाऱ्याच्या, ठेवणाऱ्याच्या, लावणाऱ्याच्या बाजूनं. मजूर आहे, पण गणित त्याच्या डोक्यातून चालत नाही. तो नुसता आकडा आहे. बारा मजूर, पंधरा मजूर.

मी एक गणित घालतो, आकडे सोयीचे घेतले आहेत. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, मुकादमाकडून ६०,००० रुपये उचल घेतली. टनाला ३०० रुपये दरानं ती जोडी दिवसाला २ टन ऊस तोडते. हंगामात १० दिवस खाडा झाला. दर खाड्याला मुकादमानं ६०० रुपये अंगावर लावले. तर उचल किती दिवसांत फिटेल? उत्तर : ११० दिवस तोड, १० दिवस खाडा, एकूण १२० दिवस. आणि त्या १२० दिवसांत खायचं काय, हे चार पर्यायांत कुठंच नाही. असलं गणित मला दहाव्या वर्षी तोंडी येत होतं, कारण ते घरात रोज चालायचं. ते मला कुठल्या पेपरात आलं नाही.

भाषेचे उतारे तर मी दोनदा वाचले. एका उताऱ्यात मुलगा सुट्टीत वडिलांबरोबर थंड हवेच्या गावी जातो. एकात मुलगी सायकल मिळाली म्हणून आजोबांना पत्र लिहिते. एकात प्रामाणिक गरीब मुलगा पाकीट परत करतो आणि शेटजी खूश होतात. आपलं पोर या पुस्तकात आलंच तर पाकीट परत करायला येतं. उताऱ्याखालचे प्रश्न सोपे आहेत, ते कुणालाही येतील. पण पोरगं वाचताना अडखळतं ते शब्दाला नाही. या घरात आपण कधी गेलो नाही, इथं उभं कुठं राहायचं, या विचारानं ते अडखळतं. दीड मिनिटाच्या हिशेबात हे अडखळणं महाग पडतं.

२

मी हे लांबून बोलत नाही. अशाच एका निवासी शाळेच्या परीक्षेला मी बसलेलो आहे. शाळेचं नाव सांगत नाही, माझं भांडण नावाशी नाही.

माझे माय-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची, ती उन्हाळ्यात परतायची. मी गावात आजीजवळ. पाचवीत असताना गुरुजींनी वर्गातल्या तिघांचेच अर्ज भरले, तिसरा मी. बाकीच्यांना विचारलंही नाही. तिघांत मिळून एक गाईड होतं, माझ्याकडं ते आठवड्यातून दोन दिवस यायचं. आजी दिव्याकडं बघून म्हणायची, "किती वाचतो रं लेकरा, डोळे जातील." तिला वाटायचं मी आता साहेबच होतो.

पेपराच्या आदल्या रात्री बाप फडावरून उसाच्या ट्रकनं आला. त्याचा खाडा पडला. सकाळी त्यानं मला तालुक्याला नेलं. मोठं हायस्कूल. बाक. आमच्या शाळेत आम्ही सतरंजीवर बसायचो. बाकावर माझे पाय लोंबायला लागले आणि ते लोंबणारे पायच मला सारखे आठवत राहिले.

शेजारच्या बाकावरचं पोर मी अजून विसरलो नाही. आकृती बघितली रे बघितली की ते गोल काळा करायचं. माझ्याइतकं ते विचारात पडतच नव्हतं. त्याला ओळख पटत होती, जशी गावातल्या माणसाची पटते. मी एकेक आकृती पहिल्यापासून सोडवत होतो. आरशाच्या प्रश्नाला मी पार अडकलो. आणि गोल नीट काळा झाला नाही तर गुण जातात असं कुणी सांगितलेलं, म्हणून मी प्रत्येक गोल रंगवत बसलो. घंटा झाली तेव्हा शेवटची बरीच पानं कोरी होती.

बाहेर बाप फाटकाशी उकिडवा बसलेला.

"कसा गेला रं पेपर?"

"चांगला गेला."

"सम्दं आलं?"

"सम्दं."

त्यानं मला भजी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाहीत, आणि एसटीत बसवून दिलं. तो तिकडून तसाच फडावर गेला. बापाशी बोललेलं ते माझं पहिलं मोठं खोटं.

निकाल उन्हाळ्यात लागला, टोळी परतल्यावर. यादीत नाव नव्हतं. कागदावर कुणाला नापास म्हणत नाहीत, निवड झाली नाही असं म्हणतात. दहा वर्षांच्या पोराला दोन्ही एकच. मी रडलो नाही. बाप पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. आपल्या डोक्याचं काम न्हवतं ते."

मित्रांनो, या वाक्यावर मी गेली पंधरा-सोळा वर्षं विचार करतोय. बापानं ते मायेनं म्हटलं होतं. पण 'तुझ्या डोक्याचं' म्हणाला नाही, 'आपल्या' म्हणाला. माझ्या एका पेपरात त्यानं स्वतःचं डोकं घातलं, मायचं घातलं, आजीचं घातलं, सगळी वस्ती घातली. मनुस्मृतीनं जे सांगून ठेवलं आणि जे आपण महाडला जाळलं, ते माझ्या बापाच्या तोंडून एका छापील यादीनं पुन्हा वदवून घेतलं. आणि मीही ते मानलं. नववीत शाळा सुटली तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. आपल्या डोक्याचं काम नव्हतंच ते.

३

त्या दिवशी माझ्या बापाला कुणी एक आकडा सांगितला असता तर त्यानं ते वाक्य म्हटलं नसतं. तो आकडा म्हणजे ८०.

नवोदय विद्यालयाचंच घ्या. एका जिल्ह्याला साधारण एक शाळा आणि सहावीच्या जागा ८०. समजा जिल्ह्यातून ८,००० पोरं बसली. आठही हजार पोरं बाबासाहेबांच्या तोडीची निघाली तरी ७,९२० पोरं बाहेरच राहणार. मग पेपराचं काम काय उरतं? बुद्धी शोधणं हे त्याचं नाव. जागा नाहीत हे न बोलता पोरांना परत पाठवणं हे त्याचं काम. सरकारकडं जागा कमी आहेत ही सरकारची उणीव. पेपर घेतला की तीच उणीव पोराच्या डोक्यात जाऊन बसते. गिरणीत कापूसच खराब आला तर धागा सारखा तुटतो आणि दोष साच्यावरल्या कामगाराच्या नावावर लागतो, तसं हे आहे.

नियम आणखी बघा. या परीक्षेला एकदाच बसता येतं. दहा-अकराव्या वर्षी एक दिवस ताप आला की संपलं. ७५ टक्के जागा ग्रामीण पोरांना, हे चांगलंच आहे. पण तिसरी, चौथी, पाचवीत एक दिवस जरी पोर शहरी शाळेत शिकलं तरी ते शहरी धरलं जातं. आणि या तिन्ही वर्गांचं पूर्ण सत्र शिकलेलं पाहिजे. आता ज्याचे माय-बाप कोयता घेऊन सहा महिने कारखान्याच्या तळावर असतात, ज्या पोराला मागं ठेवायला आजी नाही, ते पोर पूर्ण सत्र कुठून आणणार? अनुसूचित जातींना किमान १५ टक्के जागा आहेत, म्हणजे ८० मध्ये १२. जिल्हाभरातल्या सगळ्या वस्त्यांना मिळून बारा. त्या बारांसाठी आपल्यातल्याच शिक्षकाचं, कारकुनाचं पोर आणि ऊसतोड्याचं पोर एका रांगेत उभं राहतं. तिथं कोण पुढं जातं हे मी सांगायची गरज नाही, आपल्याच घरात बघा.

एक गोष्ट न झाकता लिहितो. ही शाळा वाईट आहे असं मी म्हणत नाही. १९८५-८६ साली झज्जर आणि आपल्या अमरावतीला पहिल्या दोन शाळा निघाल्या, आज देशात साडेसहाशेच्या वर आहेत. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं आपल्या पोरांना फुकट. तिथून आपली पोरं डॉक्टर झाली, अधिकारी झाली. तीच माझी तक्रार. इतकी चांगली शाळा सरकारला चालवता येते, हे सरकारनंच सिद्ध केलं आहे. मग ती जिल्ह्याला ८० पोरांपुरतीच का? कोठारी आयोगानं १९६६ साली सगळ्यांच्या पोरांना एकच सार्वजनिक शाळा असावी असं सांगितलं. वीस वर्षांनी, १९८६ च्या शैक्षणिक धोरणात, निवडक हुशार पोरांच्या शाळा आल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं शाळेत घेताना पोरांची चाळणी लावायला बंदी घातली. तरी या परीक्षा चालूच आहेत.

४

ही चाळणी आपल्याकडंच निघालेली नाही, म्हणून जरा बाहेर बघू. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने या माणसानं पोरांची बुद्धी बघायची चाचणी केली. ती कशासाठी? जी पोरं वर्गात मागं पडतात ती हुडकून त्यांना जास्तीची मदत द्यावी म्हणून. मागच्या पोराला पुढं आणायचं हत्यार होतं ते. पुढं दुसऱ्यांनी तेच हत्यार उलटं धरलं.

इंग्लंडात १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन पोरं वाटायला लागले. थोडी ग्रामर स्कूलला, बाकी सगळी साध्या शाळेत. बुद्धी बहुतेक जन्मजात असते असं सिरिल बर्ट नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ सांगायचे आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते १९७१ साली वारले. त्यानंतर त्यांच्या जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासातले आकडे संशयास्पद ठरले. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो बर्मिंगहॅमचा खटला. तिथं मुलींसाठी ग्रामर स्कूलच्या जागा मुलांपेक्षा कमी होत्या, म्हणून आत जायला मुलीला मुलापेक्षा जास्त गुण लागायचे. १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं हा भेदभाव ठरवला. म्हणजे तेवढेच गुण, पण मुलगा असला तर हुशार आणि मुलगी असली तर साधी. हुशारीची रेघ कुठं ओढायची ते बाकांच्या संख्येनं ठरवलं. त्या देशानं पुढं बहुतेक ठिकाणी ही परीक्षा मोडली, काही भागांत ती अजून आहे.

पण साहेबाच्या देशाचा दाखला कशाला? आपल्या जोतीरावांनी हे कधीच सांगून ठेवलंय. १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांचा प्रश्न काढला. शिष्यवृत्त्या चढाओढीनं वाटल्या तर चुरस वाढेल, पण खालच्या थरांत शिक्षण पसरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्यात शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखा, अशी मागणी त्यांनी केली. एकशे चाळीस वर्षं झाली. ज्योतीबांचा फोटो आपण प्रत्येक सभेत लावतो. हे पान मात्र आपण फिरवून ठेवलं आहे.

आणि ७ नोव्हेंबर १९०० आठवा. साताऱ्याच्या शाळेत भिवाचं नाव घातलं तो दिवस. वय नऊ. आजच्या या पोरांपेक्षा वर्षभरानं लहान. आत त्याला गोणपाटावर वेगळं बसवलं, पाण्याला शिवू दिलं नाही, पण दारात आकृत्यांचा पेपर नव्हता. पुढं १९०७ साली तो मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२ असं सांगतात. आज एवढ्या गुणांचं पोर घेऊन कुठल्या निवडक शाळेत जा, शिपाई आत सोडणार नाही. भिवाचा बाबासाहेब झाला, कारण पुढं प्रत्येक वळणावर कुणीतरी दार उघडं धरलं आणि त्यानं स्वतः रात्रीचा दिवस केला.

५

आता आपल्या घरात येतो. इथं मला खरं बोलायचं आहे आणि काही मित्र रागावतील.

आपलं आत्मकथनाचं साहित्य मी जमेल तेवढं वाचलं आहे. 'बलुतं' १९७८ चं, 'उपरा' १९८० चं, 'अक्करमाशी' १९८४ चं. ही पुस्तकं वाचूनच मी लिहायला लागलो, त्यांचं माझ्यावर ऋण आहे. पण एक गोष्ट बघा. त्यांत शाळा आहे, मार आहे, भूक आहे, अपमान आहे, आणि लिहिणारा शेवटी शिकून पार झालेला आहे. पार झाला म्हणून लिहू शकला, यात त्याचा दोष नाही. पण वाचणाऱ्या पोराला नकळत असं वाटतं की दुःखाच्या पलीकडं एक पास झालेला माणूस उभा असतोच. जो पलीकडं गेला नाही त्याचं काय? तो आपल्या साहित्यात भाऊ म्हणून, शेजारी म्हणून, दारू पिणारा दोस्त म्हणून येतो. तो स्वतः बोलत नाही. अण्णा भाऊ दीड दिवस शाळेत गेले असं सांगतात, त्यांनी लेखणी हातात घेतली. बेबीताई कांबळे फलटणला दुकान सांभाळत लिहीत होत्या. असे अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत. पण शाळेच्या चाळणीतून खाली पडलेल्या पोराचं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही. आपलं साहित्य वेदनेचं आहे म्हणतो आपण. त्यातली ही वेदना अजून लिहायची राहिली आहे.

जे साहित्यात, तेच चळवळीत. आपण सत्कार करतो. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. हार, नारळ, बॅनर, बॅनरवर पोरापेक्षा मोठे पुढाऱ्यांचे फोटो. सत्काराची परंपरा आपल्याला आहेच. १९०७ साली भिवाच्या मॅट्रिकचा सत्कार झाला, केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र दिलं. पण गुरुजी तिथं थांबले नाहीत. पुढल्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडून महिन्याला २५ रुपयांची मदत मिळवून द्यायला तेच धावले. सत्कारानंतर वाट करून दिली. आपण सत्कारानंतर खुर्च्या गोळा करतो.

आम्ही मित्र विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. पाळी बघून आळीपाळीनं शिकवतो. गेल्या वर्षी अकरा पोरांना या परीक्षेला बसवलं. एका पोराची निवड झाली. वस्तीत गुलाल उडाला, मीही नाचलो, खोटं कशाला सांगू. बॅनर लागलं. दुसऱ्या आठवड्यात एक पोरगी अभ्यासिकेत यायची बंद झाली. तिची आई कांड्या भरते, बाप माग चालवतो. दुमडलेल्या कागदाचे प्रश्न ती आमच्यात सगळ्यांत लवकर सोडवायची, मला युक्ती समजावून सांगायची. मी घरी गेलो. ती दाराआड उभी राहिली. म्हणाली, "दादा, बॅनरवर ज्याचा फोटो तोच हुशार ना?"

मला माझा बाप फाटकाशी बसलेला दिसला. आणि कळलं की हे वाक्य या वेळी सरकारी यादीनं तिला सांगितलं नव्हतं, ती तर तिनं बघितलीही नव्हती. आमच्या बॅनरनं सांगितलं होतं. निळ्या रंगात.

६

एक मित्र मला म्हणाला, तू स्वतः राहिलास म्हणून जळतोस. जळतो. दहाव्या वर्षी लागलेली आग आहे, खोटी कशी म्हणू? पण माझी आग खरी आहे म्हणून माझा हिशेब चुकीचा ठरत नाही. ८० चा आकडा खोटा असेल तर दाखवा.

दुसरा म्हणाला, मग काय पोरांना बसवायचंच नाही का? बसवायचं. आपल्या वाट्याच्या बारा जागा सोडून द्यायला आपण काय संत आहोत? अभ्यासिका चालवायची, आकृत्यांच्या सगळ्या युक्त्या पोरांना शिकवायच्या, एकूण एक. विकत मिळतं ते फुकट वाटायचं. पण पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात ८० लिहायचं. पोरांना सांगायचं, जागा एवढ्याच आहेत आणि त्या वाढवून मागणं हे आमचं मोठ्यांचं काम आहे. यादीत नाव आलं नाही तर जागा संपली असं समजा, डोकं संपलं असं समजू नका. हे पेपराआधी सांगायचं. निकालानंतर सांगितलं तर ते सांत्वन होतं आणि पोरांना सांत्वन ओळखू येतं.

आणि माय-बापांना सांगायचं. फडावर, मागावर, नाक्यावर जाऊन सांगायचं. कारण ते वाक्य पोर आधी घरातच ऐकतं.

तिसरं, आपल्या झेडपीच्या आणि नगरपालिकेच्या शाळेकडं बघायचं. आपण मोर्चे पुतळ्यासाठी काढले, नामांतरासाठी सोळा वर्षं लढलो, माणसं गेली, नामविस्तार झाला. विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव लागलं. आता त्या कमानीपर्यंत पोचणारा रस्ता पाचवीतच अडवला असेल तर लढाई पाचवीत आहे. ८० च्या रांगेत आपलं एक पोर घुसवणं ही लढाई मला पुरत नाही. नवोदयमध्ये जे मिळतं, शिक्षक, पुस्तकं, प्रयोगशाळा, दोन वेळचं जेवण, ते वस्तीच्या शाळेत मागायचं आहे.

ती पोरगी परत यायला लागली आहे. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस ती आईबरोबर कांड्या भरते. मी रद्दीतून आणलेलं गाईड तिला दाखवलं. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं खोडून खोडून फाडलेली पानं तिनं निरखून बघितली आणि म्हणाली, "यालाबी येत न्हवतं की." मग हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

यंदा ७ नोव्हेंबरला आम्ही अकराही पोरांना बोलावणार आहोत, माय-बापांसकट. प्रत्येकाला एक वही, एक पेन. निवड झालेलं पोर सुट्टी काढून येईल का माहीत नाही, त्यालाही पत्र घातलंय. भाषण नाही. मी ते उचलीचं गणित फळ्यावर घालणार आहे आणि बघणार आहे कोण आधी सोडवतं.

बॅनर नाही.

जयभीम.